बिगरीचा वर्ग आणि शिक्षकाची सनद

मराठी शाळेच्या पायऱ्या मोजताना जुनी माणसे पहिलीपासून आरंभ करीत नसत. पहिलीच्याही खाली एक पायरी असे. तिला बिगरी म्हणत. नुकतेच आईचा पदर सोडून आलेले, पाटीवर रेघोट्या ओढणारे आणि मध्येच रडू कोसळले म्हणजे दप्तर तेथेच टाकून घराकडे धूम ठोकणारे मूल ह्या वर्गात बसे. सरकारी कागदोपत्री ह्या वर्गाला 'इन्फंट क्लास' असे भारदस्त नाव होते. परंतु नाव कोणतेही असो, त्या वर्गापुढे उभे राहणाऱ्या माणसाजवळ कोणती पात्रता असावी, हा प्रश्न फार काळ कोणी गंभीरपणे विचारला नाही. त्या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, शिक्षकाच्या सनदेची अट वरच्या इयत्तांकडून खाली उतरत आली आणि सर्वांत धाकट्या मुलापर्यंत पोहोचता पोहोचता तिचा जोर संपला.

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला असलेले अनगोळ हे ह्या इतिहासाकडे पाहण्यास सोयीचे ठिकाण आहे. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. पूर्वी ते शेतीवाडीचे वेगळे गाव होते. इंग्रजी अमदानीत ते मुंबई इलाख्यात होते, १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. शेजारचे शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानचे. म्हणजे कोसभराच्या आत दोन राज्ये आणि दोन शिक्षणखाती नांदत होती. गाव जागचे हलले नाही, पण मास्तरांच्या सनदेवरील शिक्का मात्र बदलत राहिला.

सरकारी शाळा येण्यापूर्वी सनदेचा प्रश्नच नव्हता. गावच्या पंतोजीची पात्रता गावच ठरवी. त्याचे अक्षर वळणदार असावे, पावकी-निमकी तोंडपाठ असावी, हिशेब चोख असावा आणि हातातल्या छडीचा धाक असावा, एवढ्यावर त्याची नेमणूक होई. धुळाक्षरे गिरविणाऱ्या अगदी लहान मुलांकडे तो स्वतः क्वचितच पाही. ते काम वरच्या मुलांवर सोपविलेले असे. ह्या देशी रिवाजाचेच रूप मद्रासमध्ये पाहून अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने ते अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात नेले आणि तेथे त्याचा मोठा बोलबाला झाला. धाकट्यांना शिकविण्यास शिकलेला माणूस लागत नाही, थोरला विद्यार्थी पुरतो, ही समजूत अशा रीतीने दोन्ही देशांत सारखीच रुजलेली होती.

मुंबई इलाख्यात शिक्षक तयार करून पाठविण्याचा पहिला मोठा उपक्रम नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचा. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या देखरेखीखाली शिकून तयार झालेले २४ मास्तर १८२६ साली मराठी आणि गुजराथी मुलखांत शाळा उघडण्यासाठी रवाना झाले. चोवीस माणसे आणि एवढा मोठा मुलूख! तरीही शिक्षकाने आधी स्वतः शिकावयाचे आणि मग शिकवावयाचे, ही कल्पना सरकारदरबारी येथूनच रूढ झाली. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने तिला धोरणाचे रूप दिले. प्रत्येक इलाख्यात अध्यापनशाळा असाव्यात, उमेदवारांना विद्यावेतन मिळावे आणि शिकून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र द्यावे, असे त्यात सांगितले होते.

पुढे ट्रेनिंग कॉलेजे निघाली आणि गावोगावच्या मास्तरांत एक नवी जातव्यवस्थाच उभी राहिली. नुसती व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला तो 'अनट्रेंड'. ट्रेनिंग कॉलेजात जाऊन आलेला तो 'ट्रेंड'; आणि त्यातही पहिल्या वर्षाचा, दुसऱ्या वर्षाचा आणि तिसऱ्या वर्षाचा असे भेद असत. पगार, बढती, हेडमास्तरकी आणि लग्नाच्या बाजारातील पत ही सारी त्या भेदावर ठरत. हिंदुस्थान सरकारने २१ फेब्रुवारी १९१३ च्या ठरावात तर असे ध्येय घोषित केले की, शिकविण्यास लायक असल्याच्या दाखल्यावाचून पुढेमागे कोणासही शिकवू देऊ नये. ध्येय उत्तम होते. परंतु ट्रेंड मास्तर मोजकेच मिळत आणि मिळाले की त्यांना वरच्या इयत्ता दिल्या जात. ह्याचे कारण उघड आहे. तपासणीला येणारा डेप्युटी, ज्याला खेड्यातील लोक 'दिपोटी' म्हणत, तो परीक्षा घेई ती वरच्या मुलांची. बिगरीच्या मुलास तो फार तर नाव विचारी. तेव्हा शाळेतील सर्वांत नवखा, बहुधा अनट्रेंड असा जो कोणी असेल, त्याच्या वाट्याला बिगरी येई. आरंभीच्या मुलांना शिकविणे हेच सर्वांत अवघड काम असते, हे हेडमास्तरांस ठाऊक नव्हते असे नाही; पण शाळेचा शेरा मुलांच्या रडण्याहसण्यावरून लिहिला जात नसे.

स्त्रीशिक्षिकांच्या बाबतीत हीच कथा थोड्या निराळ्या रीतीने घडली. १८४८ मध्ये पुण्यास मुलींच्या शाळेत शिकवू लागलेल्या सावित्रीबाई फुले ह्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. सरकारने त्या कामी लक्ष घालण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. १८६६ साली मेरी कार्पेंटर ह्या विदुषी हिंदुस्थानात आल्या आणि स्त्रियांसाठी अध्यापनशाळा हव्यात असा त्यांनी आग्रह धरला. पुण्याचे स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज १८७० साली सुरू झाले. स्त्रियांना लहान मुले सांभाळण्याची कला उपजतच असते, असा युक्तिवाद त्या काळी वारंवार केला जाई. त्याने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना उपजीविकेचे एक दार उघडून दिले, हे खरे. पण तो युक्तिवाद दुधारी होता. कला उपजत असेल तर ती शिकवावी कशाला, आणि तिचे मोल तरी कशाला द्यावे, असे म्हणण्यास त्याने जागा करून दिली. त्या जागेचा उपयोग पुढील शतकभर झाला.

विसाव्या शतकात ह्या समजुतीला खरा धक्का दिला तो बालशिक्षणाच्या चळवळीने. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसोरी ह्यांनी पहिले बालगृह उघडले. गमतीची गोष्ट अशी की, त्या पहिल्या बालगृहातील बाई अध्यापनाचे शिक्षण घेतलेल्या नव्हत्या आणि बाईंनाही ते मुळीच खटकले नाही. जुन्या पद्धतीने तयार झालेला शिक्षक मुलांना गप्प बसविण्यातच तरबेज असतो, असे त्यांचे मत होते. पण त्याच माँटेसोरीबाईंनी पुढे आपल्या पद्धतीच्या शिक्षणक्रमावर आणि त्याच्या प्रमाणपत्रावर अत्यंत कडक नजर ठेवली. ह्यात विसंगती दिसते, परंतु ती वरवरची आहे. कोणतीही सनद चालेल असे त्यांना वाटत नव्हते. लहान मुलांसाठी वेगळी सनद हवी, असे त्यांचे म्हणणे होते. १९३९ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी हिंदुस्थानातील पहिला वर्ग चालविला, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक त्यासाठी आले होते.

महाराष्ट्रात ह्या कार्याचा पाया ताराबाई मोडक ह्यांनी घातला. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रमुख होत्या. म्हणजे शिक्षिकांना सनद देणाऱ्या संस्थेच्या खुर्चीवर त्या बसलेल्या होत्या. ती प्रतिष्ठेची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात गेल्या आणि मुलांच्या बरोबर जमिनीवर बसून शिकू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालमंदिरे काढावयाची तर आधी बालशिक्षक तयार केले पाहिजेत, हे ह्या मंडळींनी ओळखले आणि बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिर चालविण्याचा प्रघात पाडला. ताराबाईंनी मुंबईला दादरच्या शिशुविहारातही तोच क्रम ठेवला. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. प्राथमिक शिक्षिकेची सनद मिळवून पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत असलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. हरिजन आणि आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि 'अंगणवाडी' ह्या शब्दाला अर्थ आला. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून शंख, शिंपले, बिया आणि पाने साधने झाली. येथे घडणाऱ्या बालसेविकेच्या हाती पदवी नव्हती, पण मुलाकडे पाहण्याची दृष्टी होती आणि ती शिकवून आलेली होती.

सरकारी विचारही काही काळ ह्याच दिशेने चालला होता. १९४४ च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वर्षांच्या दहा लक्ष मुलांसाठी मोफत शिशुशाळांची शिफारस केली आणि तेथे खास शिक्षण घेतलेल्या स्त्रियाच असाव्यात असे स्पष्ट लिहिले. पुढे स्वातंत्र्य आले, फाळणी झाली, आणि पैशाची तंगी सुरू झाली. सहा वर्षांपुढील मुलांचेच शिक्षण जेथे पुरे होईना, तेथे तीन वर्षांच्या मुलाचा विचार मागे पडला.

१९५६ नंतरच्या अनगोळात ह्या साऱ्याचे काय झाले? प्राथमिक शिक्षकाच्या सनदेचे नाव बदलले. मुंबई राज्यात तिला पी. टी. सी. म्हणत, म्हैसुरात टी. सी. एच. आली, पुढे डी. एड. आणि अलीकडे डी. एल. एड. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घटनेत घातले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले. परंतु तेही प्राथमिकापासूनच. बिगरीचा वर्ग तर हळूहळू सरकारी शाळेतून नाहीसाच झाला. त्या वयाचे मूल आता महिला मंडळाच्या बालवाडीत, देवळाच्या ओसरीवर, किंवा ऐपत असेल तर खाजगी शिशुवर्गात जाऊ लागले. १९५३ साली स्थापन झालेले केंद्रीय समाजकल्याण मंडळ बालवाड्यांना अनुदान देई आणि तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात बालसेविकांचे वर्गही निघाले. मात्र ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, हे सारे कल्याणखात्याचे काम झाले. शिक्षणखात्याने त्यातून अंग काढून घेतले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द कोसबाडच्या टेकडीवरून देशभर गेला. शब्द गेला, पण त्यामागचे अध्यापन मंदिर गेले नाही. योजनेच्या सहा सेवांत शालापूर्व शिक्षण ही केवळ एक. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्याची नोंद ही कामे तिच्या पुढे उभी. कार्यकर्तीच्या प्रशिक्षणाचा काळ आधी काही महिन्यांचा होता. तो आक्रसत पुढे २६ दिवसांवर आला. त्यातील शिकविण्याचे शास्त्र किती दिवसांचे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय तिला नाव मिळाले ते कार्यकर्तीचे. वेतनाऐवजी मानधन आणि शिक्षिकेऐवजी कार्यकर्ती, हे दोन शब्द जोडीनेच आले.

अलीकडचा कायदा पाहिला तर ही दरी कागदावरच दिसते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेविसाव्या कलमान्वये पहिलीपासून आठवीपर्यंतच्या शिक्षकांची किमान पात्रता बंधनकारक झाली आणि २०१० पासून पात्रता परीक्षाही आली. त्याच कायद्याचे अकरावे कलम तीन वर्षांवरील मुलांच्या शालापूर्व शिक्षणाविषयी आहे. तेथे मात्र शासनाने सोय 'करावी' असे नसून 'करता येईल' असे आहे. परिषदेने २०१४ साली शालापूर्व शिक्षकासाठी बारावी आणि दोन वर्षांची पदविका अशी पात्रता ठरविली. ती अंगणवाडीला लागू पडत नाही, कारण अंगणवाडी शाळा नव्हे आणि तेथील बाई शिक्षिका नव्हे! कर्नाटक शासन पक्षकार असलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये निर्णय दिला की, अंगणवाडी कार्यकर्तीचे पद हे सरकारी नोकरीतील पद होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातेतून आलेल्या खटल्यात, त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा हक्क मान्य केला. तो निर्णय देताना अंगणवाडीत शालापूर्व शिक्षण चालते ह्या गोष्टीचा आणि त्या अकराव्या कलमाचा आधार घेण्यात आला. कार्यकर्तीच्या कामास शिकविण्याचे काम म्हणून न्यायालयात ओळख मिळाली ती अशी, तिच्या निवृत्तीच्या हिशेबाच्या निमित्ताने.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सनदेचा प्रश्न पुन्हा हाती घेतला आहे. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या कार्यकर्तीसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र पाठ्यक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी वर्षाची पदविका, अशी त्यात योजना आहे. नोकरी चालू ठेवून, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनीच्या साह्याने ती पुरी करावयाची आहे. कर्नाटकात २०२४ साली सरकारी शाळांतून एल. के. जी. आणि यू. के. जी.चे वर्ग उघडण्याचे ठरले, तेव्हा अंगणवाडीच्या स्त्रियांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. चार वर्षांचे मूल शाळेत गेले तर आमच्याजवळ उरते काय, असे त्यांचे म्हणणे होते; आणि ते वर्ग अंगणवाडीतच चालवावेत, आम्हांला त्यासाठी तयार करावे, अशी त्यांची मागणी होती.