चार सेंटांचें एक आरमारी तिकीट

टपालाच्या तिकिटास इतिहासाचें साधन मानावें कीं नाहीं, याविषयीं संग्राहकांत मतभेद आहे. आमच्या मतें बखरीस जी कसोटी लावावयाची तीच तिकिटासही लाविली पाहिजे. कारण तिकीट काढणारें सरकार आपल्या वीरांचा गौरव करितें, निवाडा करीत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें एक तिकीट या दृष्टीनें पारखण्याजोगें आहे.

सन १९३६-३७ मध्यें त्या सरकारनें सैन्य व आरमार यांच्या गौरवार्थ दहा तिकिटांची माला काढिली. पैकीं पांच आरमाराचीं. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे स्वतः नामांकित तिकीटसंग्राहक असून १९१३ पासून १९२० पर्यंत आरमारखात्याचे सहायक सचिव होते. जोन्स व बॅरी, डिकेटर व मॅक्डोनो, फॅरागट व पोर्टर, अशा जोड्या पहिल्या तीन तिकिटांवर आहेत. आम्हांस कर्तव्य आहे तें चौथ्याशीं.

चार सेंटांचें हें करड्या रंगाचें तिकीट ता. २३ मार्च १९३७ रोजीं निघालें. त्यावर सॅम्प्सन, ड्यूई व श्ले, हे १८९८ च्या स्पेनयुद्धांतील तीन सेनानी आहेत, ड्यूई मध्यें. पाहणारास हे एकदिलाचे सहकारी वाटावे. वस्तुस्थिति निराळी आहे.

ता. ३ जुलै १८९८ रोजीं क्यूबांतील सांतियागो बंदरांत कोंडलेलें सेर्वेराचें स्पॅनिश आरमार सकाळीं साडेनवाच्या सुमारास बाहेर पडलें. चार चिलखती क्रूझर व दोन विनाशिका, एवढ्या सर्वांचा निकाल कांहीं तासांतच लागला. मुख्याधिकारी सॅम्प्सन त्या वेळीं 'न्यूयॉर्क' जहाजावरून जनरल शाफ्टर यांच्या भेटीस निघाले असल्यानें कित्येक मैल पूर्वेस होते. जागेवर होते ते 'ब्रुकलिन'वरील श्ले. तथापि सॅम्प्सन यांनीं विजयाची जी तार धाडिली तींत श्ले यांचें नांवही नव्हतें! उलटपक्षीं, आरंभीं 'ब्रुकलिन'नें शत्रूपासून दूर असें वळण घेतलें व 'टेक्सास' जहाजाशीं टक्कर होतां होतां टळली, हा आक्षेप श्ले यांवर आला. पुढें १९०१ मध्यें मॅक्ले याच्या आरमारी इतिहासाच्या तिसऱ्या खंडांत त्यांस उघड भेकड म्हटलें गेलें. तेव्हां श्ले यांनीं स्वतःच चौकशीची मागणी केली.

चौकशीमंडळाचे अध्यक्ष होते ड्यूई, मानिलाचे विजेते. मंडळानें १ जूनपूर्वींच्या श्ले यांच्या हालचाली दिरंगाईच्या व डळमळीत ठरविल्या. प्रत्यक्ष लढाईंतील त्यांचें धैर्य मात्र मान्य केलें. ड्यूई यांनीं निराळें मत नोंदविलें कीं, लढाईच्या वेळीं हजर असलेले वरिष्ठ अधिकारी श्ले होते व विजयाचें श्रेय त्यांसच आहे. सन १९०२ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं ही लढाई जहाजांच्या कप्तानांची, असा निर्वाळा देऊन वाद मिटविण्याचा यत्न केला.

म्हणजे या तिकिटावर वादी, प्रतिवादी व पंच एका चौकटींत बसले आहेत, आणि पंच दोघांच्या मध्यें! हें बुद्ध्या केलें असें आम्ही म्हणत नाहीं. बहुमान ड्यूई यांचा मोठा, म्हणून मधली जागा त्यांची, एवढाच अर्थ पुरेसा आहे. सॅम्प्सन १९०२ त, श्ले १९११ त व ड्यूई १९१७ त वारले. चौकशीचें दप्तर दोन खंडांत छापलेलें आहे. ज्या संग्राहकापाशीं हें तिकीट असेल त्यानें त्यांतील ड्यूई यांच्या मताची नक्कल त्याच पानावर शेजारीं लावून ठेवावी.