खुळखुळ्याचे २५ टक्के

प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, त्यात मूठभर खडे टाका, झाकण घट्ट लावा. झाला खुळखुळा. दुसऱ्या बाटलीला बुचांची चार चाकं लावा, पुढे दोरी बांधा. झाली गाडी. बाजारात या दोन्हींची किंमत शून्य. पण २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात असल्याच खेळण्यांचा हिशोब छापून आला, आणि लेखकांत जेम्स हेकमन हे नोबेलवाले अर्थतज्ज्ञ होते. हिशोब "बाळाचा सर्वांगीण विकास" वगैरे गोल गोल भाषेत नाही, तर चक्क पगाराच्या आकड्यात. म्हणून मला ही गोष्ट आवडते.

गोष्ट जमैकाची आहे. हो, तोच, बॉब मार्ली आणि कोर्टनी वॉल्शचा. किंग्स्टनजवळ मोना इथे वेस्ट इंडीजचं विद्यापीठ आहे. १९५०च्या दशकात जॉन वॉटरलो या डॉक्टरांनी तिथे कुपोषणावर संशोधन करणारं एक युनिट काढलं. अगदी मरणाच्या दारात आलेली बाळं तिथे यायची. उपचार हळूहळू बसत गेले, बाळं वाचायला लागली. गाल वर यायचे, वजन भरायचं, घरी जायची. पण वजन भरलं तरी बुद्धीची वाढ मागेच राहायची.

त्या काळात जगभरच्या तज्ज्ञांना प्रोटीनने झपाटलं होतं. गरिबांच्या ताटात प्रोटीन घाला, सगळं सुटेल, असा एकूण सूर. (जाता जाता: याला आकडेवारीने छेद देणाऱ्यांत एक आपला माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडचे, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोटभर खायला मिळालं तर प्रोटीनही बहुतेक पुरतं, खरी कमतरता एकूण अन्नाची आहे. त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.) थोडक्यात काय, मूल म्हणजे टाकी, त्यात काय ओतायचं एवढाच वाद चालला होता.

मोनामध्येच सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. १९७०च्या दशकात त्यांनी वेगळाच प्रयोग केला. हॉस्पिटलमधल्या कुपोषित बाळांशी रोज ठरवून खेळायचं, आणि डिस्चार्जनंतरही त्यांच्या घरी जाऊन खेळत राहायचं. नुसते उपचार मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं पुढे गेली आणि काही वर्षांनंतरही पुढेच राहिली. पण हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. शंकेखोर माणूस विचारणारच, की बाबा, मुळात मुलंच वेगळी असतील तर?

म्हणून १९८६-८७ मध्ये खरा प्रयोग सुरू झाला. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची १२९ बाळं, सगळी वयाच्या मानाने खुजी राहिलेली. चार गट. एकाला काही नाही. दुसऱ्याला दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर. तिसऱ्याला फक्त खेळ. चौथ्याला दोन्ही. आणि इथे डिझाईनला दाद द्यावीशी वाटते. घरी पावडर आली की ती घरभर वाटली जाणार हे उघडच होतं, म्हणून बाकीच्यांसाठी पीठ आणि दूध पावडर वेगळी दिली. आणि बाळाच्या आजारपणाची नोंद घ्यायला दर आठवड्याची भेट चारही गटांना होती. त्यामुळे "कोणीतरी आपुलकीने घरी येतं म्हणून फरक पडला" ही पळवाटसुद्धा बंद!

आता तो खेळाचा तास. येणारी बाई कोणी मानसतज्ज्ञ नव्हती, सरकारी दवाखान्याची वस्तीपातळीवरची आरोग्यसेविका होती. थोडं ट्रेनिंग घेऊन आलेली, पिशवीत घरगुती खेळणी. बाटल्यांचे खुळखुळे, लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याची कोडी, चित्रं चिकटवलेली वही. ती एकटीच बाळाशी खेळून निघून जायची नाही, आईला खेळायला लावायची. बाळाला जे जमतंय त्याच्या एकच पायरी वरचं द्यायचं. दोन ठोकळे रचतंय? मग तिसरा दे. जमलं की तोंड भरून कौतुक. कपडे धुताना, स्वयंपाक करताना बाळाशी बोलत राहायचं, हे नाक, हा साबण, हे पाणी गार आहे. खेळणी आठवडाभर घरी राहायची, पुढच्या खेपेला बदलून नवी. हे दोन वर्षं चाललं.

आपल्याकडच्या कुठल्याही आजीला यात काय नवीन असं वाटेल. भॉक्क करणं, वाट्या-चमचे पुढ्यात ओतून देणं, चिऊ-काऊ दाखवत भरवणं, हे सगळं तेच. नवीन होतं ते दर आठवड्याला न चुकता करणं आणि मोजणं.

दोन वर्षांनी दूध आणि खेळ दोघांचाही फायदा दिसला. दोन्ही मिळालेली मुलं तर खुज्या नसलेल्या मुलांच्या जवळजवळ बरोबरीला आली. पुढे मात्र चित्र बदललं. दुधाचा परिणाम विरत गेला, खेळाचा टिकला. सतरा-अठराव्या वर्षी खेळाच्या गटात बुद्ध्यांक जास्त, चिंता आणि नैराश्य कमी. बावीसाव्या वर्षी १२९ पैकी १०५ जण शोधून काढले. काही देश सोडून गेले होते, त्यांचाही माग काढला. खेळ मिळालेल्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त निघाली. एकतिसाव्या वर्षीच्या पाहणीत ती तफावत ३७ टक्के होती.

आता थोडं थंड पाणी. १२९ हे सॅम्पल लहानच आहे, चार गटांत विभागलं की आणखी लहान. आपण एवढ्या डेटावर ए/बी टेस्टसुद्धा बंद करणार नाही. :) दुसरं म्हणजे ही मुलं खुजी होती, घरं अत्यंत गरीब होती. ज्या घरात आधीच दोन आजी-आजोबा, चाळीस पुस्तकं आणि अखंड बडबड आहे, तिथे फ्लॅशकार्डचा महागडा सेट आणून पगार २५ टक्क्यांनी वाढेल असं या पेपरात कुठेही लिहिलेलं नाही. खेळणी विकणाऱ्या जाहिराती हे सोयीस्करपणे गाळतात. मला विचाराल तर बाटलीपेक्षा त्या तासाला समोर बसलेलं माणूस महत्त्वाचं होतं.

बरं, हेच मोठ्या प्रमाणावर होतं का? कोलंबिया, पेरू, बांगलादेश, सगळीकडे करून पाहिलं गेलं. आपल्या ओडिशात कटकच्या वस्त्यांत झालं, मग १९२ गावांत. गावांतल्या प्रयोगातली गंमत म्हणजे घरोघरी जाण्याऐवजी आया आणि बाळं एकत्र जमवून घेतलेल्या सत्रांचाही परिणाम जवळपास तेवढाच आला, आणि खर्च कितीतरी कमी.

म्हणून मला आपल्या अंगणवाड्यांचा प्रश्न पडतो. १९७५ साली एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. त्यात तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येऊन बसतात, तीनच्या आतल्यांसाठी आहाराचं पाकीट घरी जातं. किंग्स्टनच्या भाषेत हा दुधाचा गट. पाकीट बंद करा असं मी म्हणत नाही, भुकेल्या बाळाला आधी खायलाच हवं. २०२४ साली केंद्र सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, त्यात घरी करायचे खेळ आहेत. कागद चांगला आहे. पण वजनं, आहार, लसीकरणाचा पाठपुरावा, रजिस्टरं आणि वर मोबाईलमध्ये भरायची माहिती, एवढं सगळं ज्या ताईच्या गळ्यात आहे, तिच्या आठवड्यात हा तास कुठून काढायचा, आणि त्याचे पैसे तिला कोण देणार?