रास्पबेरी पाय आणि त्याचा पंखा

ब्रिटनमध्ये विकसित झालेला रास्पबेरी पाय हा खिशात मावणारा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याच्या ७०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला पंख्याची गरज नव्हती. २०१६ च्या ‘पाय ३’पासून वेगाबरोबर उष्णताही वाढली. तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की प्रोसेसर आपला वेग कमी करतो. हे टाळण्यासाठी हौशी मंडळी लहान पंखे थेट ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनांना जोडू लागली. मात्र असा पंखा अखंड फिरत राही.

गरजेपुरता पंखा फिरवायचा, तर नियंत्रणाची पिन अपुरी पडे. ती ३.३ व्होल्टची असून जेमतेम १६ मिलिअँपिअर प्रवाह देते. पंख्याला सहसा १०० मिलिअँपिअर किंवा अधिक लागतो. म्हणून पिनने ट्रान्झिस्टर चालवायचा आणि ट्रान्झिस्टरने पंखा, ही रचना रूढ झाली. मोटर बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजपासून बचावासाठी डायोडही जोडला जाई.

२०२० मध्ये ‘पाय ४’च्या अधिकृत पेटीसाठी तापमानानुसार चालू-बंद होणारा पंखा आला. २०२३ च्या ‘पाय ५’वर तर पंख्यासाठी चार पिनांचे स्वतंत्र सॉकेटच आहे. त्यातून वीजपुरवठा, वेगनियंत्रण आणि फेऱ्यांची मोजणी होते, त्यामुळे वेगळा ट्रान्झिस्टर लागत नाही.