नाणेघाटातलं टाकं

हॉस्पिटल म्हटलं की डोळ्यांपुढे डॉक्टर, नर्स आणि औषधांचा वास येतो. पण हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ पाहुणा किंवा यजमान. मध्ययुगात युरोपातली कितीतरी हॉस्पिटलं म्हणजे आपल्या धर्मशाळाच होत्या. इंग्लंडमध्ये कँटरबरीला ११७० साली थॉमस बेकेट यांची हत्या झाली. त्यांच्या समाधीला येणाऱ्या गरीब यात्रेकरूंना रात्रीचा निवारा मिळावा म्हणून ईस्टब्रिज हॉस्पिटल निघालं. तिथलं छोटं प्रार्थनामंदिर आजही उभं आहे.

हे वाचलं आणि मला आमच्या मुरबाडचा नाणेघाट आठवला. कल्याणहून जुन्नरकडे चढणारी ही वाट दोन हजार वर्षांची. माथ्यावरच्या लेण्यात देव नाही. भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञ आणि दानं मोजली आहेत : हजारो गायी, हत्ती, घोडे, कार्षापणं. मागच्या भिंतीवर राजा, राणी आणि घराण्यातल्या माणसांच्या आठ मूर्ती होत्या. आता नावं वाचता येतात, मूर्तींच्या मात्र पावलांच्या खुणाच उरल्यात.

बाहेर वाटसरूंसाठी खडकात खोदलेली टाकी आहेत. त्यांतलं एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेलं, एवढंच त्याच्या लेखात आहे. ना पदवी, ना यज्ञ. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. तिथे उषवदाताने प्रवाशांसाठी निवारे बांधले, डहाणुका नदीवर फुकट नाव ठेवली, अशी नोंद नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. निवारे गेले, नाव गेली. शहापूरकडून नाशिक-त्र्यंबकला जाताना कसारा घाटात घुमटाची विहीर लागते. ती अहिल्याबाईंची म्हणून ओळखतात.

शाळेची सहल नेली की मी मुलांना आधी लेख दाखवायचो, मग टाकं. तहानलेली मुलं लेखाकडे बघायचीसुद्धा नाहीत, थेट टाक्याकडे पळायची. तेव्हा मी रागवायचो. आता वाटतं, गोविंददासाचं म्हणणं त्यांनाच बरोबर कळलं होतं.

गेल्या खेपेला त्या पाण्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. लेख वाचायला ब्राह्मी यावी लागते, बाटली परत खाली न्यायला काहीच यावं लागत नाही. पावसाळ्यात तिकडे जाणाऱ्या आमच्या भाचे-पुतण्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

असो.