नादारीचा कायदा आणि जाणता वकील

‘दिवाळें’ हा शब्द दिव्यावरून आला, असें सांगण्यांत येतें. ज्या व्यापाऱ्याची पत संपली त्यानें भर दिवसा दुकानांत दिवे लावावे आणि बाजारानें त्यावरून काय तें समजावें, असा पूर्वींचा प्रघात होता. दिवे लागले कीं व्यवहार बंद होई. देणें मात्र बंद होत नसे. धर्मशास्त्रानें व्यवहाराच्या अठरा पदांत ऋणादानाला पहिलें स्थान दिलें आणि व्याज मुदलाहून अधिक होऊं नये म्हणून दामदुपटीचा निर्बंध घातला. पण बापाचें ऋण मुलानें फेडलें पाहिजे, हें बंधनहि त्याच शास्त्रानें घातलें. पेशवाईंत सावकार तगादा लावी, ऋणकोच्या दारांत धरणें धरून बसे. अशा वेळीं पंच मध्यें पडत, मुदत मिळे, सूटहि मिळे. परंतु ‘ह्याच्याजवळ होतें तें सर्व ह्यानें दिलें, आतां हा मोकळा आहे,’ असें सांगणारें न्यायासन नव्हतें. आणि तें नव्हतें म्हणून त्या न्यायासनापुढें ऋणकोला घेऊन जाणारा कायदेपंडितहि नव्हता. हा वर्ग ह्या देशांत कसा आला आणि त्यांतून योग्य माणूस ओळखण्याची कोणती कसोटी इतिहासांतून हातीं लागते, हें पाहण्यासारखें आहे.

ह्या कायद्याचा उगम इंग्लंडांतला. तेथें दिवाळखोरीचा पहिला कायदा १५४२ सालीं झाला, आणि त्यानें दिवाळखोराला अपराधीच मानलें. पुढें १७०५ सालीं, ॲन राणीच्या कारकीर्दींत, एक नवीन तत्त्व कायद्यांत आलें. जो व्यापारी आपली सर्व मालमत्ता प्रामाणिकपणें उघड करील त्याची उरलेल्या देण्यांतून सुटका व्हावी, असें ठरलें. मात्र लबाडीनें मालमत्ता लपविणाऱ्यास त्याच कायद्यानें देहान्त शिक्षा सांगितली. ती क्वचितच अमलांत आली. तरी १७६१ सालीं जॉन पेरट नांवाचा लंडनचा कापडव्यापारी ह्याच अपराधाबद्दल फांसावर गेला. शिक्षा पुढें सौम्य झाली, पण सर्व सांगणाऱ्यास मुक्ति आणि लपविणाऱ्यास दंड, हें तत्त्व ढळलें नाहीं.

ही मुक्ति प्रथम फक्त व्यापाऱ्यांना होती. इतर ऋणको तुरुंगांत पडून राहत. त्यांच्यासाठीं वेगळें न्यायालय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निघालें. त्याची वाट कशी होती हें चार्ल्स डिकन्सच्या बाळपणावरून कळतें. १८२४ सालीं त्याचा बाप एका पाववाल्याच्या चाळीस पौंडांच्या देण्यापायीं मार्शलसी तुरुंगांत गेला. बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या रंगाच्या कारखान्यांत बाटल्यांवर कागद चिकटवूं लागला. बापानें सुटकेसाठीं अर्ज केला, तेव्हां कुटुंबाचे कपडे व चीजवस्तु वीस पौंडांहून अधिक किंमतीच्या नाहींत, अशी खात्री करून देणें भाग पडलें. त्यासाठीं मुलालाहि सरकारी मूल्यमापकापुढें उभें राहावें लागलें. खिशांत आजीनें दिलेलें चांदीचें घड्याळ होतें, आणि त्यामुळें वीस पौंडांची मर्यादा ओलांडली जाईल कीं काय, अशी शंका त्याला वाटेनें येत होती, असें त्यानेंच पुढें लिहून ठेविलें आहे. नादारीच्या कायद्यापुढें उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मनांत असें एक घड्याळ असतें. तें सांगावें कीं लपवावें, हा प्रश्न ज्याला पहिल्यानें विचारावयाचा तो माणूस म्हणजे वकील.

हिंदुस्थानांत कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तीन शहरांकरितां नादारीचीं न्यायालयें १८२८ च्या कायद्यानें स्थापन झालीं, आणि १८४८ सालीं त्या कायद्याची पुनर्रचना झाली. ऋणकोची मालमत्ता ऑफिशियल असाइनी नांवाच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन व्हावी, त्यानें ती विकून धनकोंना वाटून द्यावी, अशी ही योजना. ह्याच १८४८ सालच्या आरंभीं कलकत्त्याची कार, टागोर आणि कंपनी ही प्रसिद्ध पेढी बुडाली. तिचे संस्थापक द्वारकानाथ टागोर १८४६ सालीं लंडनांत वारले होते. संकटाचा अंदाज ठेवून त्यांनीं कांहीं जमीनजुमला आधींच विश्वस्तनिधींत घातला होता, आणि कायद्याप्रमाणें धनकोंना त्याला हात लावतां येत नव्हता. धनकोंच्या सभेंत पेढीच्या व्यवस्थापकानें ही गोष्ट सांगितली. परंतु द्वारकानाथांचे पुत्र देवेंद्रनाथ ह्यांनीं तीहि मिळकत आपण होऊन धनकोंपुढें ठेविली. ह्याचा परिणाम असा झाला कीं धनकोंनींच कुटुंबाच्या निर्वाहाची रक्कम नेमून दिली. पुढें कारभारहि देवेंद्रनाथांच्याच हातीं आला आणि देणें वर्षानुवर्षें फिटत गेलें. देवेंद्रनाथांनीं केलें तें कायद्याच्या पलीकडचें होतें, आणि तेवढें प्रत्येकानें करावें असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु धनकोचा विश्वास कशानें परत येतो, हें त्यावरून स्पष्ट होतें.

मुंबईवर तशीच पाळी १८६५ सालीं आली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून कापसाचे भाव चढले, शहरांत पैशाचा पूर आला आणि नव्या कंपन्यांच्या भागांचा सट्टा सुरू झाला. बॅक बे कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या आसपास गेला. युद्ध संपतांच कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ ही वायद्यांची तारीख उगवली तेव्हां देणारे पुष्कळ व देऊं शकणारे थोडे, अशी अवस्था झाली. एकाचा धनको तोच दुसऱ्याचा ऋणको होता. ऋणको व धनको ह्यांच्या संमतीनें मालमत्ता विश्वस्तांकडे देऊन व्यवहार उलगडतां यावा, म्हणून त्या वर्षीं खास कायदाहि करावा लागला.

ह्या गर्दींत शहरांतील वकिलीच्या दुहेरी पद्धतीला महत्त्व आलें. १८६२ सालीं स्थापन झालेल्या हायकोर्टाच्या मूळ शाखेंत अशील प्रथम सॉलिसिटरकडे जाई; सॉलिसिटर कागद तयार करी आणि बॅरिस्टर न्यायाधीशापुढें बोले. बॅरिस्टरचें नांव मोठें. परंतु नादारीच्या कामांत खरा भार सॉलिसिटरवर असे, कारण ऋणकोचें देणें, येणें व मालमत्ता ह्यांची यादी त्याच्या कचेरींत तयार होई. ती यादी खोटी किंवा अपुरी निघाली तर उत्तम वक्तृत्वाचाहि उपयोग होत नसे. सॉलिसिटरांचा हा वेगळा वर्ग १९७६ च्या दुरुस्तीनें कायद्यांतून गेला. कागद तयार करणाऱ्याचें महत्त्व मात्र गेलें नाहीं.

शहराबाहेरची कथा निराळी आहे. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, आणि दंगा पुणें व नगर ह्या जिल्ह्यांत पसरला. चौकशींत असें दिसून आलें कीं पुष्कळ दाव्यांत कुणबी न्यायालयांत हजरच होत नसे. हुकूमनामा एकतर्फी होई आणि मग जप्ती किंवा तुरुंग. सावकाराच्या बाजूला सनदी वकील आणि कुणब्याच्या बाजूला कोणीच नाहीं, अशी ती विषम लढाई होती. म्हणून १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें कर्जासाठीं शेतकऱ्याला पकडणें बंद केलें, पन्नास रुपयांवर देणें असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची वाट दिली, आणि वकिलांविषयीं दोन विलक्षण कलमें घातलीं. शंभर रुपयांपर्यंतच्या कामांत वकिलांना सामान्यतः मज्जाव केला. आणि मोठ्या कामांत सावकारानें वकील दिला व शेतकऱ्याला तें सामर्थ्य नसलें, तर न्यायाधीशानें त्याच्या संमतीनें सरकारी वकिलाला त्याच्या बाजूनें उभें करावें, असें सांगितलें. वकील एकाच बाजूला असला तर न्याय लंगडा पडतो, ही कबुली कायद्यानेंच ह्याप्रमाणें दिली.

पुढें मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या शहरांसाठीं १९०९ चा, आणि इतर मुलुखासाठीं १९०७ चा व त्याच्या जागीं १९२० चा, असे कायदे झाले. इंग्लंडांतील १८८३ च्या कायद्याच्या धर्तीवर ते रचलेले होते. त्यांत दोन पायऱ्या होत्या, आणि अननुभवी वकील व त्याचा अशील बहुधा दुसरीवर घसरत. पहिली पायरी नादार ठरविल्याचा हुकूम. दुसरी ऋणमुक्तीचा हुकूम. पहिला मिळाला कीं तगादे थांबत, म्हणून अशील निर्धास्त होई. पण १९२० च्या कायद्याप्रमाणें ठरलेल्या मुदतींत ऋणमुक्तीचा अर्ज न केल्यास पहिला हुकूमच रद्द होई आणि सर्व धनको पुन्हा दारांत उभे राहत. तोंवरच्या काळांतहि, आपण नादार आहों हें न सांगतां पन्नास रुपयांची उधारी घेणें हा गुन्हा होता.

मुक्तीलाहि मर्यादा होत्या. सरकारचें देणें, लबाडीनें केलेलें देणें आणि न्यायालयानें ठरविलेली पोटगी हीं सुटत नसत. जामीन राहिलेला मित्र किंवा भागीदार मोकळा होत नसे. मागील तीन वर्षांच्या योग्य हिशेबवह्या नसल्या तर मुक्ति नाकारतां किंवा लांबवितां येई. मागील दोन वर्षांत बायकोच्या अगर मेहुण्याच्या नांवें केलेलें बक्षीसपत्र रद्द होऊं शके. शेवटच्या तीन महिन्यांत एका धनकोला दुसऱ्यापेक्षां झुकतें माप देऊन केलेली फेडहि टिकत नसे. संकट दिसतांच घर नातलगाच्या नांवें करून द्यावें, हा जो सल्ला ओटीवर बसून फुकट मिळतो, तो किती घातक आहे हें ह्यावरून समजावें. त्यानें घर वांचत नाहीं आणि प्रामाणिक माणूस लबाड ठरतो.

ह्या इतिहासांतून वकील निवडण्याची कसोटी आपोआप निघते. जाणता वकील पहिल्या भेटींत आश्वासन देत नाहीं. तो रोजकीर्द, खतावणी आणि मागील तीन वर्षांत झालेले दस्तऐवज मागतो. घरांतील दागिने, गांवाकडची वाटणी, मित्रासाठीं दिलेली जामीनकी, हें सर्व तो खोदून विचारतो, आणि त्याच्या प्रश्नांनीं अशीलाला संकोच वाटला तरी थांबत नाहीं. ‘कांहीं वस्तूंचा उल्लेख नको’ असें सुचविणारा वकील स्वस्त पडला तरी महाग असतो. त्यानें किती अर्ज दाखल केले हें न विचारतां त्यांतले किती ऋणमुक्तीपर्यंत नेले, हें विचारावें. आणि तो ह्याच न्यायालयांत नित्य काम करतो कीं नाहीं, हें पाहावें. आपल्याच एखाद्या धनकोचें काम तो करीत असेल तर त्याच्याकडे जाऊं नये. फी किती, ती केव्हां द्यावयाची आणि तींत कोणतीं कामें येतात, हें वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीं लेखी ठरवावें. कचेरीच्या पायरीवर अशील गांठून देणाऱ्या दलालावर विसंबूं नये; अशा दलालांच्या याद्या न्यायालयांनीं लावाव्या, अशी तरतूद ब्रिटिश अमदानींतच करावी लागली होती. आणि शेवटची खूण अशी कीं चांगला वकील अर्जापूर्वीं तडजोडीचा विचार करतो, व ती शक्य असल्यास स्वतःची मोठी फी बुडवूनहि तसें स्पष्ट सांगतो.

स्वतंत्र भारतांत २०१६ सालीं नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता झाली आणि सनदी नादारी-व्यावसायिकांचा एक निराळा वर्ग निर्माण झाला. तिच्यांतील व्यक्तिविषयक भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या कर्जाला व्यक्तिशः जामीन राहिलेल्यांपुरता लागू करण्यांत आला. म्हणजे ज्या सहीला लोक शिष्टाचार समजतात, ती जामिनकीची सही मोठी जोखमीची झाली. आतां कोणत्या देण्याला कोणता कायदा लागतो आणि कोणत्या न्यायासनापुढें जावयाचें, एवढें सांगण्यासहि अनुभवी माणूस लागतो. त्याच्याकडे जावयाची वेळ मात्र बहुतेक लोक चुकवितात. जप्तीचा बेलीफ दारांत आल्यावर वकील शोधण्यापेक्षां, एका देण्याचें व्याज भागविण्यासाठीं दुसरें कर्ज काढावें लागलें त्याच दिवशीं वह्या घेऊन त्याच्याकडे जावें. त्या दिवशीं तडजोडीला जागा असते, वह्या शाबूत असतात, आणि लपविण्याचा मोहहि अजून झालेला नसतो.