एका मुरक्क्याची दोन पाने

सातवीच्या वर्गातला एक मुलगा, घरच्या मोबाईलवर आलेली तस्वीर कागदावर छापून आमच्याकडे घेऊन आला. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलावर, बैल माशावर. समोर भाल्याच्या टोकाला एका हबशाचे कापलेले शीर, त्यावर घुबड, आणि बादशहा त्या शिरावर बाण सोडतो आहे. खाली ना चित्रकाराचे नाव, ना साल. मुलाने विचारले, "सर, हा आपला मलिक अंबर ना? जहांगीरने त्याला असं मारलं?"

मारले नव्हते. हे चित्र अबुल हसनने साधारण १६१६ साली काढले. त्याच साली मुघल फौजेने रोशनगावला अंबरचा पराभव केला, हे खरे; पण अंबर त्यांच्या हाती लागला नाही. पुढे १६२४ साली भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना धूळ चारली. १६२६ साली म्हातारपणी त्याचा इंतकाल झाला. कबर खुल्दाबादेत आहे, ज्याला पाहायची त्याने जाऊन पाहावी. रणांगणात जे बादशहाला साधले नाही, ते त्याच्या मुसव्विराने कागदावर साधून दिले. अशी तस्वीर दरबाराच्या मनातला राग दाखवते. घडलेला प्रसंग नव्हे.

मुलांना हे नुसते सांगून पटेना. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे असेल, हा त्यांचा प्रश्न. तेव्हा आम्ही संगणकावर दुसरी तस्वीर शोधली. तीही मुघल चित्रशाळेतलीच, हाशिमने काढलेली, साधारण १६२०ची. तिच्यात मलिक अंबर सरळ उभा आहे. बाजूने दिसणारा भारदस्त चेहरा, उतरते वय, कुठेही कुचेष्टा नाही. हाशिमने शत्रूच्या सरदाराला माणूस म्हणून पाहिले आहे.

या दोन्ही तस्वीरी एकाच मुरक्क्यातल्या आहेत. मुरक्का म्हणजे चित्रे आणि खुशखत पाने एकत्र बांधलेला संग्रह. हा शब्द आमच्या वाचकांना परका नाही. या मुरक्क्याला पुढे 'मिंटो आल्बम' म्हणू लागले. १९२५ साली लंडनला त्याचा लिलाव झाला आणि पाने फुटली. काही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने घेतली, काही चेस्टर बीटी यांनी. बीटींचा संग्रह आज डब्लिनला आहे. म्हणून कापलेले शीर आयर्लंडला आणि जिवंत अंबर इंग्लंडला! आमच्यासारख्या शिक्षकाला पगारात या दोन्ही शहरांना जाणे कुठले जमणार? पण दोन्ही संग्रहालयांनी ही पाने संगणकावर ठेवली आहेत, चित्रकाराचे नाव, साल आणि माहितीसकट. पडद्यावर ती शेजारी-शेजारी ठेवली तेव्हा वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या तस्वीरीचे नेमके हेच सगळे कापून टाकलेले असते.

मग मुलांनीच विचारले, निजामशाहीने स्वतःची चित्रे काढली नाहीत का? काढली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही पोथी आहे. आफताबी नावाच्या शायराने हुसेन निजामशहाची तारीफ त्यात फारसीत केली आहे. तिच्यात आज १२ चित्रे शिल्लक आहेत. हुसेनशहाची बेगम खुंजा हुमायूं, म्हणजे चांदबीबीची आई, १५६५ साली पती वारल्यावर मुलाच्या नावाने कारभार पाहत होती. मुलगा मुर्तजा याने पुढे तिला कैद केले. पोथीतल्या काही चित्रांत तिची आकृती मागाहून कोणीतरी झाकून टाकली आहे.

त्यातले एक चित्र आम्ही छापील पुस्तकातून दाखवले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून जवळ आली, सुलतानाच्या शेजारच्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "सर, इथे कोण बसलं होतं?"