बिस्किटाच्या डब्यातला खडा

कवीनं हृदयाबद्दल बोलावं, अशी लोकांची अपेक्षा असते. फार तर काळजाबद्दल. उर्दूतही ते चालतं, तिथं त्याला जिगर म्हणतात. मूत्राशयाविषयी बोलायला कवीला कुणी बोलावत नाही. माझ्यावर ती वेळ आली आहे, आणि त्याला कारण सहा मिलिमीटरचा एक खडा.

दहा-बारा वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. अंबरनाथला गाडीत बसलो होतो. उल्हासनगर स्टेशन सुटलं आणि कमरेच्या उजव्या बाजूला अशी कळ आली की मी सीटवरून खालीच बसलो. डब्यातल्या लोकांना वाटलं, याला हार्ट अटॅक आला. पुढचे पंधरा दिवस कुळथाचं कळण झालं, पाषाणभेदाचा काढा झाला. एका मित्रानं बिअर सुचवली. ती धर्मात बसेना. शेवटी डॉक्टरांनी लघवीच्या मार्गानंच बारीक दुर्बीण आत घातली, लेसरनं खडा फोडला आणि दुसऱ्या दिवशी मला घरी पाठवलं. अंगावर एकही टाका नाही. जाताना हातात एक छोटी बाटली दिली. तिच्या तळाशी चार तपकिरी कण होते. तपासणीचा रिपोर्ट आला, कॅल्शियम ऑक्झॅलेट.

ही बाटली मी कॅम्प नंबर चारमधल्या एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदारांना दाखवली. मी त्यांना काका म्हणतो. काका हसले, आत गेले आणि बिस्किटाचा एक जुना डबा घेऊन आले. कापसात गुंडाळलेला, सुपारीएवढा, पिवळट, खडबडीत गोळा. त्यांच्या मोठ्या भावाच्या मूत्राशयातून तो काढला होता. भाऊ तेव्हा सहा वर्षांचा, गाव शिकारपूरजवळचं. फाळणीत घर सोडताना आईनं जी गाठोडी बांधली, त्यात हा डबा होता. ‘‘आमच्याकडे पोरांना हे व्हायचंच,’’ काका म्हणाले.

पोरांना? मुतखडा हा चाळिशीतल्या माणसाचा रोग, अशी माझी समजूत होती. ‘व्हायचंच’ हा शब्द डोक्यातून जाईना. मी बी.ए. झालेला माणूस, वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे. पण जुनी पुस्तकं चाळायची सवय आहे, आणि या खड्याचा माग काढत गेलो तेव्हा कळलं की काकांच्या भावासारख्या पोरांवरच या शस्त्रक्रियेचा मोठा इतिहास उभा आहे.

आपल्याकडची सगळ्यांत जुनी तपशीलवार नोंद सुश्रुताची. रोग्याला एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या मांडीवर आधार देऊन झोपवायचं, हातपाय बांधायचे. वैद्यानं डाव्या हाताची दोन बोटं, नखं कापून आणि तेल लावून, गुदद्वारातून आत घालून खडा खाली आणायचा. मग शिवणीच्या डाव्या बाजूला, जवाएवढं अंतर सोडून छेद. पण हे सगळं करण्याआधी सुश्रुत वैद्याला थांबवतो. शस्त्र चालवलं नाही तर मरण नक्की, चालवलं तर जगण्याविषयी शंका. म्हणून आधी राजाला विचार, असं तो सांगतो. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेत तर वैद्य ‘खड्यासाठी छेद घेणार नाही’ असंच वचन देतो आणि ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडतो. मला सुश्रुताची रीत जास्त माणुसकीची वाटते. तो काम टाळत नाही, फक्त भीती लपवत नाही.

हा सुश्रुत पुढं बगदादला गेला. बर्मकी वजिरांच्या काळात त्याचा अरबी तर्जुमा झाला. अल-राझीच्या लिखाणात त्याचे दाखले सापडतात. स्पेनमधल्या कोर्डोव्याजवळ अबुल कासिम अल-झहरावी यानं इसवी सन १००० च्या सुमाराला तीस भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, सुमारे दोनशे अवजारांच्या चित्रांसह. मूत्रमार्गात अडकलेल्या खड्याला भोक पाडून तो फोडायचं बारीक गिरमिट त्यात आहे. माझ्या लेसरचं हे पणजोबाच म्हणायचं. बाईला खडा झाला तर काय, याचाही त्यानं विचार केला. परपुरुषापुढं बाई उघडी होणार नाही, म्हणून हाताशी जाणती सुईण घ्यावी आणि तिला एकेक पायरी सांगत जावी. या सुईणींची नावं कुठल्याही ग्रंथात नाहीत.

पण ही झाली शिकवण. कुठली पद्धत बरी, हे ठरवायचं कसं? त्यासाठी मोजावं लागतं, आणि वैद्यकात मोजणी फार उशिरा आली. पॅरिसमध्ये १८२४ साली सिव्हियाल नावाच्या डॉक्टरनं पोट किंवा शिवण न चिरता, मूत्रमार्गातून अवजार घालून जिवंत माणसाचा खडा आतल्या आत फोडला. चिरणारे सर्जन त्याच्यावर तुटून पडले. मग त्यानं युरोपभरातून हजारो रोग्यांचे आकडे गोळा केले. चिरलेल्यांत पाचांत एक दगावत होता, फोडलेल्यांत शंभरात दोन-तीन. १८३५ साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढं यावर वाद झाला. रोगी म्हणजे सरासरी नव्हे, प्रत्येक रोगी वेगळा, असं परीक्षकांचं म्हणणं पडलं. आज ज्याला क्लिनिकल रिसर्च म्हणतात, त्यातलं हे एक पहिलं मोठं भांडण, आणि ते मुतखड्यावरून झालं, हे वाचून माझ्या कळा सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

आता आपल्या मुंबईकडं येऊ. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. म्हणजे शिकारपूरची पोरं आणि आपण एकाच सरकारची रयत. भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाला लागून १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथल्या संग्रहालयात माणसांच्या पोटातून काढलेले खडे साठवलेले होते. १८५८ साली तिथं हेन्री व्हँडाइक कार्टर हा तरुण डॉक्टर आला. डॉक्टरीचा विद्यार्थी ज्याला ‘ग्रे’ म्हणतो, त्या शरीररचनेच्या पुस्तकातली चित्रं याची. पुस्तक त्याच वर्षी निघालं. ग्रेला प्रतीमागं मानधन. कार्टरला एकरकमी दीडशे पौंड, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर नाव बारीक टायपात. कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठाचं चित्र काढणाऱ्यांना आपण काय देतो, हे आठवून मी जास्त बोलत नाही.

या कार्टरनं मुंबईतल्या त्या खड्यांची पाहणी केली. खडा कापायचा, काच आरपार दिसेल इतका पातळ घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मधे बी, त्याभोवती थरावर थर, कांद्यासारखे. खडा म्हणजे नुसते क्षाराचे स्फटिक नव्हेत, त्यांना धरून ठेवणारा शरीरातलाच एक चिकट पदार्थ असतो, हे त्यानं दाखवलं. मधली बरीच वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. खड्यांवरचं त्याचं पुस्तक १८७३ साली लंडनला छापून आलं. चाकू हातात असलेल्या माणसानं ‘हा काढू कसा’ याऐवजी ‘हा झाला कसा’ असं विचारलं, म्हणून मला हा माणूस आवडतो.

काढण्याचं कसब मात्र हिंदुस्थानात झपाट्यानं वाढलं. बॉस्टनच्या बिगेलोनं १८७८ मध्ये एकाच बैठकीत खडा फोडून त्याचा चुरा धुऊन काढायची रीत सांगितली. ती लहान मुलांवर चालणार नाही, त्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद, असं विलायतेतले मोठे सर्जन सांगत. होळकरांच्या इंदूरमध्ये रेसिडेन्सी सर्जन असलेल्या कीगन यांनी १८८० च्या दशकात ती मुलांवर करून दाखवली आणि आकड्यांसह छापली. उत्तरेत फ्रेयर हे आयरिश डॉक्टर हेच काम करत होते. रामपूरच्या नवाबांचा खडा फोडला म्हणून त्यांना एक लाख रुपये मिळाले, त्यावरून सरकारदरबारी मोठा वाद झाला. हेच फ्रेयर पुढं लंडनला गेले आणि १९०० सालापासून प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर गाजले. हात बसला होता तो इथल्या रोग्यांवर. विलायतेतल्या सर्जनला वर्षाकाठी जेवढे खडे बघायला मिळत, त्याहून कितीतरी जास्त इथल्या डॉक्टरांसमोर रांगेत उभे असत. नवाबांचं नाव राहिलं. इंदूरच्या पोरांची नावं कुणी विचारली नाहीत.

तरीही काकांच्या ‘व्हायचंच’चं उत्तर सर्जनांकडे नव्हतं. ते एका वेगळ्या माणसानं शोधायला घेतलं. रॉबर्ट मॅकॅरिसन हे निलगिरीतल्या कुन्नूरला आहारावर संशोधन करत. हिंदुस्थानच्या वायव्येला, पंजाब-सिंधच्या बाजूला खड्यांचा पट्टा आहे आणि दक्षिणेत हा रोग कमी, हे त्यांनी नकाशावर मांडलं. मग उंदरांना बहुतांशी गव्हाच्या पिठावर ठेवलं, तर त्यांना खडे झाले. त्याच खाण्यात दूध घातलं, तर टळले. ही गोष्ट १९३१ च्या आसपासची. दोष बिचाऱ्या गव्हाचा नव्हता. पुढं १९६० च्या दशकात थायलंडमध्ये तान्ह्या बाळांना भातच भरवणाऱ्या खेड्यांत हाच रोग सापडला. नुसत्या धान्यावर वाढणारं पोर, दुधाचा थेंब नाही, वरून उष्ण हवा आणि अपुरं पाणी. लघवी घट्ट होते आणि अमोनियम युरेटचं बी धरतं. इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यात एके काळी गरिबांच्या पोरांना असेच खडे होत. तिथं खाणं सुधारलं आणि रोग ओसरला. कुणी चाकू लावून तो हटवला नाही.

१९४७ नंतर सुमारे एक लाख सिंधी माणसं कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी त्या छावणीचं उल्हासनगर असं नामकरण केलं. काकांचं लग्न, मुलं, नातवंडं सगळं इथंच. ‘‘घरात नंतर कुणाला झाला?’’ मी विचारलं. म्हणाले, ‘‘पोरांना नाही. मला झाला, पन्नाशीत. तुझ्यासारखाच.’’ त्यांच्या उत्तरात मला अर्ध्या शतकाचं संशोधन दिसलं. पोरांच्या मूत्राशयातला खडा गेला, मोठ्यांच्या मूत्रपिंडातला राहिला. तोही आता पूर्वीसारखा जीव घेत नाही. म्युनिकमध्ये ७ फेब्रुवारी १९८० रोजी एका रोग्याला पाण्याच्या टबात बसवून बाहेरून धक्कालहरींनी त्याचा खडा फोडला गेला. ती कल्पना विमानं बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीची; वेगानं उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून काय होतं, याचा अभ्यास करताना सुचलेली. तेव्हापासून चिरण्याची पाळी क्वचितच येते.

पण खडा परत होतो. निघताना माझ्या डॉक्टरांनी औषधापेक्षा जास्त वेळ पाण्यावर घालवला. दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, पाणी त्या हिशेबानं प्या. आमच्या भागात हे बोलायला सोपं आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत भट्टीपुढं उभा राहणारा माणूस आठ तासांत जितका घाम गाळतो, तितकं पाणी त्याला मधे प्यायला सवड असते का, हे ज्याचं त्यानं बघावं.

माझी मुलगी बदलापूरहून रोज मुंबईला नोकरीला जाते. दीड तास जायला, दीड तास यायला, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. माझ्या त्या दुखण्यानंतर तिच्या अम्मीनं तिला मोठी बाटली घेऊन दिली. संध्याकाळी ती बाटली बहुतेक वेळा भरलेलीच परत येते. एकदा मी रागावलो. सुश्रुतापासून मॅकॅरिसनपर्यंत सगळं ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘अब्बा, सगळं खरं. पण प्यायल्यावर उतरू कुठे?’’